वाकड्या पायांचं शिंगरू

टोकावड्याजवळ एका शेठने फार्महाऊसवर बुटके घोडे पाळले होते. माणसाच्या कमरेएवढे, झिपऱ्या आयाळीचे. पाहुण्यांची पोरं त्यांच्यावर बसून फोटो काढायची, आणि एवढ्या भांडवलावर शेठ स्वतःला अश्वपालक म्हणवायचा. मी त्या भागात जनावरांची डॉक्टर. एका घोडीला शिंगरू झालं तेव्हा मला बोलावलं.

शिंगराचे चारही पाय फेंगडे. उठलं की कोसळायचं. देखभालीला असलेली पाड्यावरची म्हातारी त्याला पोटाखालून उचलून आचळाला लावत होती.

"दूध पितं गो बाय, पन उभं रात नाय," ती म्हणाली.

शेठ मोबाइलवर शूटिंग करत होता. "क्यूट आहे ना? कसं डुलतंय बघा!"

दुखण्याला डुलणं म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. एक्स-रे काढला. घोड्याच्या पायात जे बारीक हाड अर्धवटच राहायला हवं, ते पूर्ण वाढलं होतं आणि पाय वाकवत होतं.

"याचा बाप कोण?"

"आपला पांढरा घोडा."

"आणि आईचा बाप?"

"तोच की. प्युअर ब्लडलाइन!" शेठ छाती फुगवून म्हणाला.

"हा दोष रक्तात लपून असतो, आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. बाप-लेकीची जोडी लावलीत म्हणून बाहेर आला. घोडा खच्ची करून घ्या."

"छे! त्यांचे पाय तर सरळ आहेत. तुम्ही कॅल्शियम द्या."

काही आठवड्यांत पडून राहून शिंगराच्या अंगाला जखमा झाल्या. शेवटी मीच त्याला कायमचं झोपवलं. म्हातारीने त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. शेठला मुंबईत काम निघालं होतं.

पुढे म्हसाच्या जत्रेत पाहते, तर तोच पांढरा घोडा, गळ्यात झेंडूची माळ, आणि शेठ एका गिऱ्हाइकाला सांगतोय, "पैदाशीला एक नंबर!" मी सरळ मध्ये गेले आणि शिंगराची सगळी हकिगत गिऱ्हाइकाला सांगितली. त्याने माझ्याकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं आणि काढता पाय घेतला.

"तुमचं काय जात होतं हो, मॅडम?" शेठ फणकारला.

"माझं काहीच नाही. जाणार होते ते पुढच्या शिंगराचे पाय."

गोष्ट जत्राभर पसरली. पैदाशीसाठी घोड्याला गिऱ्हाईकच मिळेना, तेव्हा झक मारत त्याने घोडा खच्ची करून घेतला. हल्ली तो पाहुण्यांना सांगतो, मुक्या जनावरांच्या प्रेमापोटी आपण पैदास थांबवली. पाहुणे टाळ्या वाजवतात. म्हातारी तिथेच लीद भरत असते. ती बाजूला थुंकते आणि पाटी उचलते.