काकांना रंग सांगितला

नारळ फोडायचा कुणासमोर, इथूनच आमचा घोळ सुरू झाला. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात नवं मशीन आलं की त्याच्यासमोर नारळ फुटतो, हळदकुंकू लागतं, पेढे वाटतात. या वेळी मात्र आलं होतं पोर्टल. रोज सुट्टीच्या आधी प्रत्येकानं मोबाईलवर ते उघडायचं आणि दिवसभरात काय काम केलं, किती वेळ लागला, ते भरायचं. आता पोर्टलला हळदकुंकू कुठं लावणार? शेवटी मोठे मालक म्हणाले, मॅडमच्या कॉम्प्युटरला लावा. मॅडम म्हणजे मी. एक्स्पोर्टची कागदपत्रं करते, वय सत्तेचाळीस, आणि मराठी टायपिंग येतं एवढ्या एका गुन्ह्यासाठी त्या पोर्टलची प्रमुख नेमली गेले. नारळाचं पाणी कीबोर्डवर उडालं आणि माझा स्पेसबार दोन दिवस चिकटत राहिला.

हे सगळं छोट्या साहेबांचं, म्हणजे मालकांच्या मुलाचं, डोकं. मुलगा चांगला, शिकलेला, कधी आवाज चढवत नाही. "मॅडम, कोण काय करतं हे कळायला नको का?" असं त्यानं विचारलं तेव्हा मीही मान हलवली. मला काय ठाऊक, मी कशाला मान हलवतेय!

पहिले चार दिवस नुसता गोंधळ. पॅकिंगच्या मावशींनी लिहिलं, "आले. घड्या केल्या. चहा. घड्या केल्या." मी म्हटलं, मावशी, चहा लिहू नका हो. तर म्हणाल्या, "का? पिला की." मी चहा राहू दिला. स्टोअरमधले भाऊ कालचंच आज पुन्हा भरायचे, कारण कालच्यासारखंच आज झालं होतं. लॅबमधली पोरगी तेवढी चटपटीत, ती सगळ्यांना शिकवायची. आणि काकांचं मी भरायचे.

काका म्हणजे आमचे शेडवाले, रंगाची छटा जुळवून बघणारे. गिऱ्हाईक रंगाचा नमुना पाठवतं, आमच्याकडे सूत त्या रंगात रंगवून टॉवेल विणला जातो. दोन्ही रंग तंतोतंत जुळले की नाही, हे बघून काका कार्डावर सही करायचे. त्यांची सही झाल्याशिवाय माल बाहेर जायचा नाही. मी लागायच्या आधीपासून ते तिथं होते. होटगीहून रोज बसनं यायचे आणि खिडकीजवळच्या टेबलाशी उभे राहायचे. त्यांच्या सहीनं गेलेला माल रंगासाठी परत आल्याचं मला आठवत नाही. पोर्टल सुरू झालं त्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, माजा चष्मा घरी राहिला. तुमीच भरा की." रोजच राहायला लागला. मी चिडून म्हटलं, काका, चष्म्याला दोरी बांधा. ते हसले. मी रोज त्यांच्या नावावर "शेड तपासणी, पूर्ण दिवस" असं लिहून टाकायचे.

शनिवारी दुपारी सगळ्यांच्या नोंदी एकत्र वाचायला बसले. सोमवारी सकाळी त्या आपोआप साहेबांकडे जाणार होत्या. मावशींच्या नोंदीत एक ओळ दिसली, "काकांना रंग सांगितला." असेल. पुढं लॅबच्या पोरीच्या नोंदीत, "काकांना रंग सांगितला, वीस मिनिटं." मग भाऊंच्या. आणि मग, कपाळ माझं, माझ्या स्वतःच्या नोंदीत! बुधवारी मीच लिहिलं होतं.

कारण काका मलाही विचारायचे. दोन तुकडे घेऊन टेबलाशी यायचे, "ताई, जरा बघा बरं, ह्यात लाल जास्त हाय का?" मी चष्मा पुसून बघायचे आणि सांगायचे. खरं सांगते, मला त्याचा मनातून लई अभिमान होता. एवढा जाणता माणूस आपल्या नजरेला मान देतो, साडी घेताना आपण उगाच नाही तासभर घालवत, असं वाटायचं. घरी नवऱ्याला ऐकवूनही झालं होतं.

आता इथं चार माणसं. चौघं आपापल्या जागी समजून बसलेली की काका फक्त आपल्यालाच विचारतात. मग काका स्वतः काय बघतात? मला राग आला, मग भीती वाटली, मग काहीच कळेना.

तशीच उठून खिडकीशी गेले. तिथं दुसरं कुणी नव्हतं. सरळ विचारलं, "काका, तुम्हाला दिसतं का?"

त्यांनी हातातलं कार्ड टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "मधलं दिसत न्हाय. कडेचं दिसतंय. डाक्टर म्हनले, डोळ्याचा पडदा गेला. तीन वर्सं झाली की."

तीन वर्षं! म्हटलं, अहो, मग सह्या कशाच्या जिवावर करत होता?

"तुमच्या," काका म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. चौघांना वेगवेगळं गाठायचं. एकाचं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. लॅबच्या पोरीला फिकटातलं चांगलं कळतं, पण जेवणानंतर तिचे डोळे मिटतात, म्हणून तिला सकाळी गाठायचं. मावशींना निळा. भाऊंना हिरवा आणि राखाडी. मी म्हटलं, आणि मला?

"लाल. लालमदी तुमच्यासारखी नजर न्हाय कुनाची. निळ्यात मातुर तुमी हमखास चुकता."

"मग मला निळं का दाखवत होता?"

"तुमी सारखं हाय म्हनला की मला कळायचं, हितं काय तरी गडबड हाय."

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. त्याही अवस्थेत झोंबल्या! पुढच्याच क्षणी हसू फुटलं, आणि हसता हसता कळेना की हा माणूस आम्हाला तीन वर्षं फसवत आलाय की आमच्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त काम करत आलाय. अजूनही कुणी विचारलं तर मी एका दमात सांगू शकणार नाही.

रविवारपर्यंत नोंदी बदलायचा अधिकार मला होता. म्हटलं, काका, चारही ओळी पुसते. निवृत्तीला तुमचे अकराच महिने राहिलेत, कुणाला कळणार नाही.

"पुसू नगा. माज्यापायी चार मानसांनी खोटं लिवायचं? ते नगं." मग टेबलावरून हात फिरवत म्हणाले, "पर ताई, येवडे अकरा म्हैने हितं निगाले पायजेत. घरी बसलो की मी आंधळा होनार. हितं हाय तवर शेडवाला हाय."

आता काय करायचं सांगा! पुसू नका, आणि कळूही नये. रविवारभर माझं कशात लक्ष लागलं नाही. भाजीत दोनदा मीठ पडलं. तीनदा पोर्टल उघडलं आणि तीनदा बंद केलं. शेवटी मनाची समजूत घातली की एवढ्या शेकडो ओळी साहेब थोडेच वाचणार आहेत. खरं म्हणजे मला ठरवायचंच नव्हतं.

त्यानं वाचल्या. सोमवारी चहाच्या आधीच बोलावणं आलं. चार ओळींना पिवळा रंग लावून ठेवला होता. मी सगळं खरं सांगितलं. वाटलं, पूर्ण सांगितलं की कळेल त्याला. सकाळची नजर, दुपारची नजर, मावशींचा निळा, माझं चुकणंसुद्धा सांगितलं. तो मधे न बोलता ऐकत होता. मग म्हणाला, "पण मॅडम, त्यांना दिसत नाही ना?"

"नाही."

"मग बघतं कोण?"

"आम्ही."

"मग काम कुणाचं?"

मी म्हटलं, काकांचं. तो फार सौम्य आवाजात म्हणाला, "त्यांना आपण गेटवर बसवू. पगार तोच. रंग मोजायचं मशीन मागवतो, ते येईपर्यंत शेड तुम्ही बघा. तुम्ही तर आधीपासून बघताच आहात, इथं लिहिलंय."

भांडावं तर कशावरून? त्यानं काकांना नोकरीवरून काढलं नव्हतं, पगार कापला नव्हता. कुणीच वाईट वागलं नव्हतं. आणि तरी मी खाली येताना जिन्यात उभी राहून रडले.

काकांनी गेटचं ऐकून घेतलं. म्हणाले, "गेटवर काय करू? कोन आलं ते तरी दिसाया पायजे का न्हाय?" शनिवारपर्यंत राहतो म्हणाले. राजीनामा मलाच टाईप करायला लावला.

शनिवारी दुपारी ते स्टूल घेऊन माझ्या टेबलाशी बसले आणि मला काम समजावून द्यायला लागले. कुणाला कधी विचारायचं, कोण घाईत हो म्हणून टाकतं, कुणाचं घरी भांडण झालेलं असलं की त्या दिवशी त्याचं धरायचं नाही, ढगाळ असलं तर सही दुसऱ्या दिवसावर ढकलायची. मी लिहीत गेले. दोन पानं भरली, तिसरं सुरू झालं. एवढं काम हा माणूस रोज करत होता आणि मी त्याच्या नावापुढं चार शब्द टाकत होते.

त्यानंतर एकच गोष्ट उरली. पोर्टलच्या यादीतून त्यांचं नाव काढायचं होतं आणि तो अधिकार फक्त माझ्याकडे होता. मी काकांना तसं सांगून नावावर क्लिक केलं. पडद्यावर चौकट आली, "या कर्मचाऱ्याला काढून टाकायचं आहे. तुमची खात्री आहे का?" खाली हो आणि नाही.

मी तशीच बसून राहिले. काकांना पडदा दिसत नव्हता, पण मी थांबलेय हे त्यांना कळलं.

"काय इचारतोय त्यो?"

"खात्री आहे का, विचारतोय."

"हाय का?"

"नाही हो काका."

त्यांनी हात पुढं केला, चाचपडत माझा माऊसवरचा हात शोधला आणि वरून हलकेच दाबला.

"चला," ते म्हणाले, "होटगीची बस जाईल."