उरलेल्या डोळ्याचं काय करायचं

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि घरी आल्या आल्या मला समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड दिसले. नुसते पापड नाही, त्यातला एक कडेला तुटलेला होता तोही दिसला. कोपरीतल्या आमच्या खिडकीतून ती गच्ची मी वर्षानुवर्षं बघत आलोय, पण तिथे पापड घालतात हे मला माहीतच नव्हतं. मी बायकोला हाक मारली.

"लोकांच्या गच्च्या बघायला केलंय का ऑपरेशन?" ती म्हणाली. पण खूश होती. मुलीला मानपाड्याला लगेच व्हिडिओ कॉल लावून तिने मला बिनचष्म्याचा उभा केला. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही कोणीतरी वेगळेच दिसताय." हे कौतुक होतं की तक्रार, ते मी विचारलं नाही.

मला शाळेपासून चष्मा. उणे सहा नंबर. वर्गात मला बॅटरी म्हणायचे, आणि लग्नाच्या अल्बममध्ये माझ्या डोळ्यांच्या जागी बहुतेक पानांवर दोन पांढरे फ्लॅश आहेत. त्यामुळे ऑपरेशनच्या आधी माजिवड्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या मुलीने जेव्हा विचारलं, "काका, लांबचं चष्म्याशिवाय दिसेल असं भिंग बसवायचं ना?" तेव्हा वडापाववाल्याने "चटणी लावू?" विचारल्यावर जसं म्हणतो तसं मी "हो हो" म्हणून मोकळा झालो. जवळचं बघायला चष्मा लागेल असंही ती म्हणाली होती. ते मी ऐकलं, पण जाहिरातीच्या शेवटी घाईघाईने म्हणतात ते वाक्य ऐकावं तसं.

आता उणे नंबरवाल्यांचं एक सुख असतं, ते बाकीच्यांना सांगून पटत नाही. चष्मा कपाळावर सरकवायचा आणि वस्तू नाकाशी न्यायची. जगात कुठल्याच भिंगातून दिसणार नाही इतकं स्वच्छ दिसतं. बोटात गेलेली कूस, औषधाच्या पट्टीवरची मुंगीएवढी अक्षरं, सुईचं नेढं, सगळं घरात माझ्याकडे यायचं. लांबचं जग धुक्यात असलं तरी नाकापासून वीतभरातला मुलूख माझा होता. तिथे मी राजा होतो. आणि हे राज्य मी "हो हो" म्हणून देऊन टाकलेलं.

कळलं ते जेवायला बसल्यावर. भिंतीवरच्या कॅलेंडरातली संकष्टी मला पाटावरून दिसत होती आणि ताटातली कोशिंबीर काकडीची की कोबीची ते कळत नव्हतं. ताट नाकाशी नेलं तर आणखीच पुसट.

"ताट चाटताय का?" बायको.

"बघतोय."

"मग चष्मा लावा ना जवळचा, आणलाय तो."

लावला. दिसलं. पण दिसलं ते हातभर अंतरावरून, दुकानाच्या काचेतून बघावं तसं.

अजून डावा डोळा बाकी होता. त्यातला मोतीबिंदू कमी होता, तोपर्यंत काही त्रास नव्हता म्हणून महिन्याभराने करायचं ठरलेलं. आता मला नवीन खेळ लागला. एक डोळा झाकायचा, मग दुसरा. उजव्याने बघितलं की भिंत पांढरीफेक, जरा निळसर. डाव्याने बघितलं की तीच भिंत चहात बुडवून काढल्यासारखी. उजव्याला सगळं लांबचं. डाव्याला लांबचं काही नाही, पण बोट नाकाशी नेलं की मळक्या काचेतून का होईना, बोटावरच्या रेषा दिसायच्या. जुना डोळा अजून जुनं काम करत होता. त्याचंही ऑपरेशन झालं की तेही बंद.

आणि त्याच आठवड्यात घरी पेडवे आले, बोटभर लांबीचे, काट्यांनी भरलेले मासे.

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडेच असतात. कोकण सोडून जन्म गेला तरी बोलणं आणि जेवण तिकडचंच. हात कापतात त्यामुळे माशाचे काटे त्यांना काढता येत नाहीत. माझी बायको देशावरची. मटण असं करते की शेजारचे वास घेत दारात येतात, पण काट्याचा मासा बघितला की ती ताटापासून लांब सरकते. तेव्हा काटे काढणं माझ्याकडे. चष्मा कपाळावर, पेडवा नाकाशी, आणि केसासारखे पारदर्शक काटे एकेक करून ताटाच्या कडेला. आप्पा शेजारी बसून वाट बघणार. घाई करणार नाहीत, फक्त भात कालवत राहणार.

त्या दिवशी मी जवळचा चष्मा लावून बसलो. तिखल्याची, म्हणजे पेडव्यांच्या झणझणीत कालवणाची, वाफ काचांवर आली. हाताला मासा लागलेला, काचा पुसणार कशाने? मनगटाने पुसल्या, तर तिथेही तेल. शेवटी डावा डोळा बारीक करून, उजवा मिटून, अंदाजाने काढले काटे आणि वाटी आप्पांपुढे सरकवली.

दुसऱ्याच घासाला ते थांबले. ओरडले नाहीत, खोकलेही नाहीत. नुसता हात वर करून गप्प बसले. "काटा? आप्पा, काटा गेला का?" बायकोने भाताचा मुटका करून त्यांच्या हातावर ठेवला, "चावू नका, गिळा," म्हणाली. त्यांनी गिळला. मग केळं. मी उभा राहून मोबाइलवर दवाखान्याचा नंबर शोधत होतो आणि मोबाइलवरचं अक्षर मला दिसत नव्हतं.

आप्पांनी घसा खाकरला. पाण्याचा घोट घेतला.

"गेलो खाली," म्हणाले. "काटो माझ्या घशात, आणि घाम तुका?"

उरलेले पेडवे त्यांनी खाल्ले नाहीत. भूक नाही म्हणाले. आप्पांना पेडवे असताना भूक नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी वेळ न घेता दवाखान्यात जाऊन बसलो. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला चटपटीत. मी सगळी कहाणी तिखल्यासकट सांगितली.

"काका, डाव्यात आपण जवळचं भिंग बसवू शकतो," त्या म्हणाल्या. "उजवा लांबचं बघेल, डावा जवळचं. मेंदूला सवय होते, बहुतेकांना होते. पण नाकाशी धरून बघायचात तेवढं जवळचं नको, दोन डोळ्यांत फारच फरक पडेल, चक्कर येईल. हात कोपरात वाकवून पेपर धरतो ना, तेवढ्या अंतराचं देते."

"आणि ते दोन्ही दिसणारं भिंग असतं म्हणतात?"

"तुमच्या डोळ्याच्या आतला पडदा जास्त नंबरामुळे पातळ झालाय. तुम्हाला ते मी सुचवणार नाही." मग त्यांनी माझ्या उजव्या डोळ्यापुढे एक काच धरली. "हे बघा. डाव्याने साधारण असं दिसेल."

मी माझा तळवा बघितला. रेषा आल्या. समोरच्या भिंतीकडे बघितलं, तर अक्षरांचा तक्ता विरघळून गेलेला.

"एक सांगते. जिने उतरताना जपायचं, खोलीचा अंदाज थोडा चुकतो. गाडी चालवायला वेगळा चष्मा करू. विचार करून शनिवारपर्यंत फोन करा, भिंग मागवावं लागतं. एकदा बसवलं की बसवलं."

एकदा बसवलं की बसवलं. हे वाक्य घेऊन मी घरी आलो आणि तिथून पुढे मला एका जागी बसवेना.

बायकोचं मत स्पष्ट होतं. "दोन्ही डोळे सारखे घ्या. एक इकडे बघतोय, एक तिकडे, हे काय? सरड्यासारखं!"

"दिसायला सारखेच दिसणार गं."

"आणि स्कूटर?"

"त्याला चष्मा."

"म्हणजे परत चष्माच. मग एवढा खटाटोप केला कशाला?"

मुलीने फोनवर मोबाइलमध्येच वाचून काढलेलं सांगितलं. अमुक टक्के लोकांना असं होतं, तमुक लोकांना तसं. मी म्हटलं, "अगं, मला लोकांचा डोळा नाही बसवायचाय." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ना, निर्णय सोडून सगळं करता." खरंच होतं ते. नोकरीवर, बँकेतही मी दिवसभर एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून बसायचो. एका बाईंना वाटलं मी त्यांना डोळा मारतोय. तो गैरसमज दूर करताना माझा मोतीबिंदू शाखेतल्या सगळ्यांना कळला आणि ज्याने त्याने आपल्या काकाचं, मेव्हण्याचं ऑपरेशन ऐकवलं. सगळ्यांचे काका दूरचं भिंग बसवून मजेत होते.

संध्याकाळी मी उगाच कोपरीच्या पुलावर जाऊन उभा राहायचो. दूरच्या नजरेला संधी द्यावी म्हणून. दिसेल ते वाचायचो. क्लासचे बोर्ड, वाढदिवसाच्या बॅनरवरचे एकूण एक शुभेच्छुक, बसच्या मागचा मजकूर. सगळं लखलखीत. वाचून झालं की परत पहिल्यापासून. पण ते वाचून करायचं काय, ते कळेना. लांब माझं काही कामच नव्हतं. घरी आलो की मात्र पायातली चप्पल बदलताना बोटाला झालेलं कुरूप आहे की खडा अडकलाय, हे विचारायला बायकोला बोलवावं लागायचं.

शुक्रवारी आप्पांनीच विषय काढला. ते खाटेवर बसलेले, मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो.

"बस रे. जमीन झिजात."

मी बसलो. म्हटलं, "आप्पा, तुम्हीच सांगा. जवळचं घेऊ का? काटे काढायला तरी..."

"माझो डोळो केल्यानी तेव्हा माका कोणी इचारूक नाय," आप्पा म्हणाले. "भिंग बसवल्यानी, घराक धाडल्यानी. तुका इचारतंत, तर तू गावभर इचारत फिरतंस." मग जरा थांबून म्हणाले, "आणि माझ्यासाठी डोळो ठरवू नको. मी आता किती वर्सां पेडवे खातलंय? तुझो डोळो, तू बघणार."

मला वाटलं होतं, ते म्हणतील काढ बाबा माझे काटे, आणि माझी सुटका होईल. सुटका काही झाली नाही. उलट आता कोणाच्या नावावर ढकलायचं तेच उरलं नाही. आप्पा भिंतीकडे कूस करून आडवे झाले. मी तिथेच बसून हाताकडे बघत राहिलो, डाव्या डोळ्याने, नाकाशी नेऊन. नखाच्या कडेला माशाचं एक खवलं अजून चिकटलेलं होतं. धुऊन धुऊन राहिलेलं. हे एवढं जवळचं तर आता कुठल्याच भिंगाने मिळणार नव्हतं. जे मिळणार होतं ते कोपराएवढं. तेवढं तरी का सोडा?

शनिवारी दवाखाना उघडायच्या आधीच फोन केला. कोणी उचलला नाही. पुन्हा केला. उचलणाऱ्या मुलीला मी नमस्कारही न करता म्हणालो, "डाव्याला जवळचं. लिहून घ्या. पुन्हा विचारू नका."

"काका, नाव तरी सांगा," ती म्हणाली.

डावा डोळा झाला. पट्टी निघाली त्या सकाळी बायको बरोबर होती, अजून नाराजच. पहिले दोन तास मला काहीच नीट दिसेना आणि मनातल्या मनात मी डॉक्टर, आप्पा आणि स्वतःला आळीपाळीने शिव्या घातल्या. पुढच्या तपासणीला मात्र डोळा निवळलेला होता. दवाखान्यातल्या मुलीने उजवा झाकला आणि लांबच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. मला फक्त वरचं भलंमोठं अक्षर दिसलं, तेही ओळखीचं होतं म्हणून.

"एवढंच?" बायको मागून म्हणाली. तिचा आवाज खाली गेलेला.

मुलीने माझ्या हातात जवळचं वाचायचं कार्ड दिलं. मी कोपर वाकवलं आणि वाचायला लागलो. मोठी ओळ, मधली ओळ, बारीक, त्याहून बारीक. शेवटची ओळ वाचली. मुलगी "छान" म्हणून कार्ड घ्यायला पुढे आली, पण मी दिलं नाही. कडेला छापखान्याने काहीतरी टिचभर छापलेलं होतं, तेही वाचलं. मग कार्ड उलटं केलं, मागे काही आहे का बघायला.

"अहो, बास. बाहेर पेशंट बसलेत," बायको म्हणाली, पण वाकून तिनेही कार्डात बघितलं. तिला चष्मा काढून काही दिसलं नाही, लावूनही दिसलं नाही. "खरंच आहे का हो तिथे काही, की थापा मारताय?"

मी पुन्हा वाचून दाखवलं.

दवाखान्याचा जिना उतरताना शेवटची पायरी मला वाटली होती त्याच्या जरा खाली निघाली. मी कठडा धरायला हात टाकला, तर हातात बायकोचं कोपर आलं. "हे असं रोज होणार का?" तिने विचारलं. "सवय होईपर्यंत," मी म्हटलं. कोपर तिने रिक्षात बसेपर्यंत सोडवून घेतलं नाही.