चेअरमनसाहेबांचं धोतर आणि ओढ्याचं पाणी

सत्तरच्या दशकात मी कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होतो. उसाचं गळीत सुरू झालं की कारखान्यातलं मळीचं पाणी ओढ्यानं थेट नदीत जायचं. उन्हाळ्याकडं नदी रोडावली की घाटाखालचं पाणी चहासारखं दिसे आणि मेलेले मासे काठाला लागत. माझी बायको वाईची. तिला हे बघवेना. तिनं गावातल्या बायकांचं मंडळ काढलं. तेव्हापासून मी दिवसभर कारखान्याचा माणूस आणि घरी आलो की आरोपी.

मंडळाला खरं बळ दिलं चेअरमनबाईंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीनं. चेअरमनसाहेबांना पांढऱ्याशुभ्र कपड्यांचा भारी शौक, आणि त्यांची धोतरं धुतली जायची त्याच घाटावर. त्या वर्षी ती पिवळट पडायला लागली. साहेबांनी नीळ वाढवायला सांगितली, तर धोतर हिरवट झालं. सभेला ते शाल मांडीवर घेऊन बसू लागले.

एका सकाळी मंडळ कारखान्यावर आलं. आता घोषणा होणार आणि माझी नोकरी जाणार, असं मला वाटलं. पण बायका शांतपणे ऑफिसात येऊन बसल्या. चेअरमनबाईंनी पिशवीतून एक धोतर काढून टेबलावर पसरलं.

"आवं, ह्यात माजा हात न्हाई. तुमच्या ओढ्याचा हाय."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी बायकोकडं पाहिलं. ती छताच्या पंख्याकडं पाहत होती.

"काय करता येईल?" साहेबांनी मला विचारलं.

"मोठे खड्डे काढून पाणी साठवायचं. निवू द्यायचं, चुना घालायचा, मग साध्या पाण्यात मिसळून उसाला सोडायचं. पण वासामुळं कुणी जागा देत नाही, साहेब."

"जागा आम्ही आणली आहे," बायको म्हणाली. ही बातमी मलाही नवीनच होती.

मागं बसलेल्या एक मावशी उठल्या. त्यांचा मुलगा लष्करात होता आणि त्यांच्या उसाच्या शेताशेजारचा, ओढ्याकाठचा मुरमाड तुकडा पडीक होता.

"माजं नाक कवाच गेलंय," त्या म्हणाल्या. "वासाचं मला काय न्हाई. पन निवलेलं पानी पयलं माज्या उसाला."

"मावशी, तुमी राजकारणात पायजे हुता," साहेब हसत म्हणाले.

"तितं तुमी जागा कुटं ठेवलीया?"

यावर साहेबांनी चहा मागवला.

खड्डे कारखान्यानं काढले. चुनाही कारखान्याचाच. ओढ्यावर लक्ष ठेवायचं काम मंडळाकडं आलं, आणि ते त्यांनी इतकं मनावर घेतलं की पाणी जरा गढूळ दिसलं तरी बायको भर दुपारी प्रयोगशाळेच्या दारात उभी. "साहेब, इन्स्पेक्शन आलं," असं माझा मदतनीस गंभीर चेहऱ्यानं सांगायचा. मीही मग उगाच परीक्षानळी हातात धरून बसायचो.

पुढच्या हंगामात अवकाळी पाऊस कोसळला. खड्डा काठोकाठ भरला आणि ओढ्याकडचा बांध खचू लागला. निरोप मिळताच कामगार धावले, तर बायका आधीच घमेली घेऊन रांगेत उभ्या होत्या. साहेब जीपमधून उतरले आणि छत्रीखालून सूचना देऊ लागले. चेअरमनबाईंनी छत्री काढून घेतली आणि त्यांच्या हातात मातीचं घमेलं दिलं. साहेबांनी ते पुढं दिलं, मग दुसरं घेतलं. संध्याकाळपर्यंत ते रांगेतच होते, आणि कुणाला सूचना दिल्याचं मी तरी ऐकलं नाही.

बांध टिकला. थोडं पाणी ओढ्यात गेलंच, पण त्या उन्हाळ्यात घाटावर मेलेला मासा दिसला नाही. पुढं सांगलीकडच्या एका कारखान्याची माणसं हे खड्डे बघायला आली. त्यांना समजावून सांगण्यासाठी मी इस्त्रीचा शर्ट घालून पोहोचलो, तोवर बायकोचं निम्मं सांगून झालं होतं.

"चुना किती घालायचा ते तेवढं ह्यांना विचारा," ती म्हणाली.

मी ते सविस्तर सांगितलं.