भिंतीलगतची खळबळ

नीवेस झोलीने बावीस वर्षं बुटांच्या कारखान्यात बारीक शिवण घातली. कारखाना बंद पडल्यावर ब्रिसिगेल्ला गावाजवळच्या जुन्या खाणीतल्या प्रयोगशाळेत तिला काम मिळालं: केसाहून बारीक तार दांडीच्या टोकावर जोडायची. खाणीतल्या शंभर मीटर लांब नळीतून पंखा वारा पळवायचा आणि भिंतीला जवळजवळ चिकटून धरलेली ती तापलेली तार वाऱ्याची खळबळ टिपायची.

भांडण त्या खळबळीवरूनच होतं. वेग वाढवत नेला, तर भिंतीलगतचं तिचं शिखर, म्हणजे ती सर्वात तीव्र असते ते टोक, भिंतीशी होणाऱ्या घर्षणाच्या तुलनेत मोजलं तरी, वाढत राहतं की कुठेतरी थांबतं? थांबतं, असं प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर ग्वाल्तिएरो छापून बसले होते.

“तुमची तार लांब आहे, डॉक्टर,” नीवेस म्हणाली. “बारके भोवरे तिच्या सरासरीत पुसले जातात. मी निम्म्या लांबीची केलीय.”

“बूट शिवणारी मला वारा शिकवणार?”

त्यांनी तिच्या हातातली नव्या तारेची दांडी हिसकावून टाचेखाली चिरडली. चार दिवसांचं काम! नीवेसने पाना उचलून त्यांच्या खांद्यावर हाणला. ते कोलमडले, उठले आणि तिचे केस धरून त्यांनी तिला नळीवर आदळलं. पंखा सांभाळणाऱ्या लेआर्कोने दोघांना ओढून वेगळं केलं.

“जीव घ्या एकमेकांचा, पण बाहेर जाऊन!”

नीवेस रक्त थुंकली. “दुसरी आहे माझ्याकडे. हिंमत असेल तर सोडा पंखा पूर्ण वेगाने.”

तिने दुसरी दांडी नळीत बसवली. डॉक्टरांनी स्वतः कळ फिरवली. नळी थरथरली, मग किंचाळायला लागली. पडद्यावरचे आकडे चढत होते.

“बंद करा! पातं वाजतंय!” लेआर्को ओरडला.

“थांब, आकडे येतायत!” दोघं एकदमच म्हणाले.

पातं तुटलं. पत्रा फाडून तुकडे सुटले. एकाने डॉक्टरांची मांडी चिरली, दुसऱ्याने नीवेसच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. तिने डाव्या हाताने आपला पट्टा काढला आणि शिव्या घालत, दातांनी ओढत, त्यांच्या मांडीवर आवळला.

डॉक्टर वाचले. आकडेही वाचले: शिखर थांबत नव्हतं. हळूहळू, पण वाढतच होतं.

दोन महिन्यांनी ते कुबडीवर तिच्या दारात आले. “नवा निबंध. तुमचं नाव पहिलं आहे.”

“आणि बोटं?”

त्यांनी निबंध पुढे केला. तिने त्यांना आत बोलावलं नाही. निबंध मात्र दारातच उभी राहून शेवटपर्यंत वाचला, मग दार लावलं आणि अपघातानंतर पहिल्यांदा रडली.