बाईच्या फोटोला कोणती लेन्स

माझ्याजवळ एक कॅमेरा आहे आणि सात लेन्स आहेत. एवढं ऐकलं की लोक मला मोठी फोटोग्राफर समजतात. तसं काही नाही हो. मी नर्स होते. आयुष्यभर खेड्यापाड्यांत सुया टोचल्या आणि बाळंतपणं केली. कॅमेरा दिला एका डॉक्टरबाईंनी. तेव्हा मी मोहर्लीकडच्या, वाघांच्या जंगलाजवळच्या आरोग्य केंद्रात होते. त्यांची बदली झाली, सामान बांधता बांधता मला म्हणाल्या, "सिस्टर, हा माझ्या वडिलांचा. माझ्याकडे नुसता पडून राहील. तुमचा हात थरथरत नाही, तुम्ही घ्या." हात थरथरत नाही एवढ्या एका गुणावर मला कॅमेरा मिळाला. शिकवलं कोणी काही नाही.

या कॅमेऱ्याचा प्रकार आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. वाघ बघायला येणारे लोक तोफेएवढे कॅमेरे घेऊन जिप्सीत बसतात ना, त्यांच्यात लेन्समधून जे येतं तेच डोळ्याला दिसतं. माझ्या कॅमेऱ्यात लेन्स वेगळी आणि पाहायची खिडकी वेगळी. खिडकी छोटीशी, वरच्या अंगाला. तिच्या मधोमध एक पिवळसर ठिपका असतो आणि त्या ठिपक्यात माणूस दोनदा दिसतो. लेन्स फिरवत फिरवत ती दोन माणसं एकावर एक आणून बसवायची. नीट बसली की फोटो साफ येतो. म्हणजे लेन्स कोणतीही लावा, खिडकीत दिसणार तेच. लेन्सवर झाकण राहिलं तरी दिसतं. बुद्धविहारातल्या एका लग्नाचा अख्खा रोल मी झाकण लावून काढलेला आहे. नवरीची आई अजून माझ्याशी धड बोलत नाही.

आता असल्या कॅमेऱ्याला सात लेन्स कशाला? तेच तर मलाही नीट सांगता येत नाही. एक कॅमेऱ्यासोबतच होती. चंद्रपूरचा एक स्टुडिओ बंद झाला, तिथल्या म्हाताऱ्या मालकांनी खण उघडून दाखवला, त्यातल्या तीन घेतल्या. दोन घुग्घुसच्या भंगारवाल्याकडे वजनकाट्याशेजारी पडलेल्या सापडल्या. बरणीच्या झाकणासारख्या फिरवून बसवायच्या, आणि माझ्या कॅमेऱ्यावर बसल्या की मला राहवत नसे. सातवी कुठून आली ते आठवत नाही. पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवते. ओल लागू नये म्हणून गोळ्यांच्या बाटल्यांत येतात ना त्या पुड्या टाकते, तरी एकीला आतून बुरशी लागलीच. जमवायची हौस मोठी, रोल मात्र वर्षाला दोन. कोणती लेन्स काय करते ते कळायला पाहिजे तेवढे फोटो मी कधी काढलेच नाहीत, हे इथे कबूल करून टाकते.

आमचे हे कोळशाच्या खाणीत होते. आता रिटायर होऊन ओट्यावर बसतात. ते म्हणतात, "लोकाईच्या बायका सोनं जमवतात. माह्या नशिबी काचा."

तर दिवाळीनंतरची गोष्ट. चामोर्शीकडून माझ्या मोठ्या बहिणीचा फोन आला. तिला आम्ही सगळे बाई म्हणतो. आई लवकर गेली, मला वाढवलं तिनंच. फोनवर म्हणाली, "डॉक्टर म्हणते सारे दात काढा लागते. उरले सातच. थे गेले का माह्यं तोंड बोळकं होईन. त्याच्या आधी ये आन माह्या फोटो काढ."

"कशाचा फोटो वं बाई?"

"भिंतीवरचा. मी मेल्यावर लावाचा."

ती का म्हणते ते मला माहीत होतं. तिची धाकटी जाऊ त्याच वर्षी गेली. घरात तिचा एकही धड फोटो नव्हता. झेरॉक्सवाल्यानं आधार कार्डावरून चेहरा घेतला, खाली कोणाची तरी हिरवी साडी आणि गळ्यात कोणाचा तरी हार लावला, मागं निळा रंग. ती गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे त्या फोटोसमोर हात जोडून बसले. बाई माझ्या कानात म्हणाली, "पाह्यलं का? मान तिची नोहे." आणि तिचं स्वतःचं आधार कार्ड? त्यात ती, तिच्याच भाषेत, कोंबडी चोरताना धरल्यासारखी दिसते. मुलांनी मोबाईलवर काढलेले फोटो तिला पटत नाहीत. म्हणे मोबाईलमध्ये सगळ्या बायका सारख्याच गुळगुळीत दिसतात.

दात आठ दिवसांनी काढायचे होते. गेलेले दात परत येणार नव्हते, म्हणजे माझ्या हातात एकच फेरी होती. डबा उघडून बसले आणि डोकं चालेना. स्टुडिओवाल्या म्हाताऱ्या मालकांना फोन केला. ते ठामपणे म्हणाले, "चेहऱ्याला लांबची, एकशे पस्तीस. दुसरं काही लावू नका." लांबची म्हणजे दूरचा माणूस जवळ ओढून मोठा दाखवणारी, आकडा तिच्यावरच लिहिलेला असतो. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला, त्यातला माणूस म्हणाला, पन्नासची घ्या, डोळ्याला दिसतं तसंच येतं. दुसऱ्या व्हिडिओतली मुलगी म्हणाली, माणूस त्याच्या घरासकट दिसला पाहिजे, तेव्हा रुंद घ्या. रुंद म्हणजे आजूबाजूचं जास्त आत घेणारी, तसल्या माझ्याकडे दोन होत्या. तिघांचंही ऐकताना पटत होतं.

मग यांनाच ओट्यावर बसवून एकेक लेन्स लावून पाहू लागले.

"काय दिसते?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

लेन्स काढली, दुसरी लावली.

"आता?"

"तुम्हीच."

"आता?"

"आताबी तुम्हीच."

"मंग कायले बदलून राह्यली वं? जे धुतलेली हाये थे घेऊन जा!"

मला ठाऊक होतं की खिडकीत फरक दिसत नसतो. तरी सातही लावून पाहिल्या. माणूस गोंधळला की माहीत असलेलंही पुन्हा करून पाहतो.

शेवटी चार घेतल्या. एकशे पस्तीसची लांब, पन्नासची, आणि दोन्ही रुंद. टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातल्या आणि एसटीनं निघाले. काळा-पांढरा रोल घरीच भरला होता. वैनगंगेच्या पुलावर मनात आलं, एकच आणली असती तर बरं झालं असतं. पूल ओलांडला आणि वाटलं, सातही आणायला पाहिजे होत्या.

बाईच्या अंगणामागं कापलेल्या धानाचे ढीग, म्हणजे पुंजणे, लागलेले होते. बाई न्हाऊन, पांढरी साडी नेसून, मातीच्या भिंतीशी खुर्ची टाकून तयारच बसली होती. तोंड गच्च बंद.

"बाई, दातासाठी फोटो काढतो ना आपण? मग तोंड उघड ना."

"उघडलं तर हवा लागते. ठणकते."

आता काय करावं? मी नर्सची सवय म्हणून वही काढली. कितवा फोटो, कोणती लेन्स, सगळं लिहायचं ठरवलं. वॉर्डातल्या तक्त्यासारखं. कॅमेऱ्याच्या वरच्या चकतीवर आकडा येतो, तो पाहून लिहीत गेले. आधी लांबची लावली. ठिपक्यात दोन बाया, त्या एकीवर एक बसवता बसवता माझा डोळा दुखून गेला. एकदा वाटलं बसल्या, एकदा वाटलं सरकल्या. मग पन्नासची. मग एक रुंद, मग पुन्हा लांबची, मग दुसरी रुंद, आणि मग पुन्हा तसंच उलटसुलट. प्रत्येक वेळी लेन्स फिरवून काढा, टॉवेलावर ठेवा, दुसरी बसवा. बाई खुर्चीवर तशीच, तोंड मिटून.

"काऊन वं," ती ओठ न हलवता म्हणाली, "फोटो काढून राह्यली का सायकल खोलून राह्यली?"

तेवढ्यात भाऊजी घराच्या मागून आले. भाऊजी म्हणजे बाईचा नवरा. बनियन, खांद्यावर दुपट्टा, गालात खर्रा. खर्रा म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, आमच्याकडे बाया-माणसं सगळेच चघळतात, बाईचे दात त्यानंच गेले. ते बाजूला भिंतीला टेकून उभे राहिले. मी खिडकीत पाहिलं, ते कुठेच दिसत नव्हते, म्हणून मी त्यांना हटा म्हटलं नाही.

"एक पुसू का साळीबाई?" ते म्हणाले. "रोल काळा-पांढरा हाये ना?"

"हो भाऊजी."

"मंग त्यात दात कोणता आन खर्रा कोणता, कसं समजीन?"

बाईनं मान वळवली. आधी डोळे वटारले, मग तिला आवरेना. "चूप बसा वो बुढ्या! सोताच्या तोंडात का मोती हायेत?" असं म्हणत ती हसली, सातही दात उघडे टाकून. माझ्या बोटानं बटण दाबलं गेलं. ठिपका पाहिला नव्हता, वहीत लिहिलं नाही, आणि त्या वेळी कोणती लेन्स लागलेली होती, ते लक्षात राहिलं नाही.

मग रोल संपला. रोल काढताना पाहते तर काय, चकतीवरचा आकडा रोलच्या सुरुवातीला हातानं शून्यावर आणायचा असतो, तो मी आणलाच नव्हता. मागच्या रोलचा आकडा पुढे चालला होता. म्हणजे वहीतला एकही नंबर खरा नव्हता. हे मी कोणाला सांगितलं नाही.

रोल कुरिअरनं नागपूरला गेला. तोवर बाईला दातांसाठी चंद्रपूरला आणलं आणि मग घुग्घुसला माझ्या घरी ठेवून घेतलं. पातळ खिचडी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. तिचा चेहरा खरंच आत बसला होता. ती आरशात एकदाच पाहून आली. तेव्हापासून पदर तोंडावर घेऊन बसायची, यांच्यासमोरसुद्धा. त्या दिवसांत मला सारखं वाटायचं, रोल कोरा निघाला तर? झाकण तर नव्हतं राहिलं?

पाचव्या-सहाव्या दिवशी मोबाईलवर फोटो आले. मी आधी स्वयंपाकघरात जाऊन एकटीनं पाहिले. लांब लेन्सचे म्हणून जे वाटत होते, त्यांत मागची भिंत इतकी साफ की मातीतल्या तणसाच्या काड्या मोजाव्यात, आणि बाई धुक्यात. काहींत कपाळच कापलेलं. पन्नासचे असावेत ते दोन-तीन अगदी साफ होते, पण त्यांत बाई पुन्हा आधार कार्डासारखी, तोंड मिटलेली. आणि एक तो. त्यात बाई एका बाजूला, मान वळवून हसते आहे. मधोमध काहीच नाही, नुसती भिंत. एका कोपऱ्यात कोंबडीचं शेपूट, झाडू, आणि दुसऱ्या टोकाला अर्धे कापलेले भाऊजी, गाल फुगलेला. खिडकीत दिसत नव्हतं ते सगळं लेन्सनं आत घेतलं होतं. म्हणजे रुंद लेन्स असणार. पण दोनांतली कोणती?

मला तो फोटो फसलेला वाटला. मी साफ आलेला, तोंड मिटलेला तिच्यापुढे धरला. "पाह्य बाई, हा चांगला आला. पापणीसुद्धा दिसते."

तिनं बोटानं तो सरकवला. मग पुढचा, मग पुढचा. त्या एका फोटोवर येऊन थांबली. मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब केला. पदर कधी खाली आला तिला कळलंच नाही.

"एक, दोन, तीन..." ती हिरड्यांनी बोलत होती, शब्द नुसते वारा होऊन येत होते. "सातही हायेत. हाच."

"अवं, तू कोपऱ्यात गेली. भाऊजी अर्धे आहेत. झाडू आला."

"झाडू माह्याच हाये. बुढाबी माह्याच हाये."

झेरॉक्सच्या दुकानात मोठा करायला आम्ही दोघी गेलो. दुकानातल्या मुलीनं पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, "काकू, या आजोबांना काढून टाकू? मागं निळं करते, मस्त येईल." मी हो म्हणणारच होते, कारण आता भिंतीवरच्या फोटोला हार घालतात, त्यात जिवंत माणूस कसा ठेवायचा? बाईनं पदर बाजूला केला आणि दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाली, "हात नोको लावू!"

फोटो तिच्या घरी लागला. भाऊजी दोन दिवस धुसफुसले. "मी जिता असून अर्धा भिंतीवर?" त्यावर बाई म्हणाली, "मी तं पुरी हावो, मी बोलली का?" हार कोणाला आणि कसा घालायचा, याचा निकाल अजून लागलेला नाही. पाव्हणे येतात, फोटो पाहून आवाज खाली करतात आणि विचारतात, "कधी झालं?" बाई आतून पाणी घेऊन बाहेर येते. कवळी तिनं करून घेतली, पण ती वाटीतच असते. घाल म्हटलं तर भिंतीकडे बोट दाखवते. "माहे दात थे काय तिथी."

इकडे मी त्या दोन रुंद लेन्स घेऊन कितीदा बसले. एकीची काच किंचित निळी, दुसरीची पिवळी, एवढं कळतं. फोटोवरून काही कळत नाही. वही उलटी मोजली, सुलटी मोजली. एका हिशोबानं तो फोटो लांब लेन्सचा निघतो, ते तर शक्यच नाही. स्टुडिओवाल्या मालकांना दाखवला. ते बराच वेळ पाहून म्हणाले, "सिस्टर, हा चुकलेला आहे. पण कोणत्या लेन्सनं चुकला ते मला सांगा, मलाही हवी आहे." आता त्यांना काय सांगू?

आणि बाईच्या गावच्या दोघी म्हाताऱ्या मागं लागल्या आहेत, आम्हालाबी असाच काढून दे म्हणून. पुढच्या आठवड्यात जायचं आहे. दोन्ही रुंद लेन्स पिशवीत घातल्या आहेत, चकती शून्यावर आणून ठेवली आहे. आणि भाऊजींना फोन करून सांगितलं आहे, तुम्ही घरी राहा, गालात खर्रा ठेवा आणि बाजूला उभे राहून काहीतरी बोला.