विहिरीवर ठेवलेली घागर

शेजारच्या सुशीलामावशी सातवी शिकलेल्या. बायबल रोज वाचतात, पण अर्थाचं विचारलं की म्हणतात, "मला काय कळतंय!" म्हणून मी त्यांच्या मोबाइलवर एक मराठी भाष्य उघडून दिलं. ते फुकट आहे, सोप्या भाषेत आहे आणि खाली वाचकांना लिहायला जागा आहे.

परवा गेले तर मावशी विचारात पडलेल्या. विहिरीवर आलेल्या शोमरोन प्रांतातल्या बाईची गोष्ट त्या वाचत होत्या. येशू तिच्याकडे पाणी मागतो, दोघं बोलतात आणि ती घागर तिथंच ठेवून गावात जाते.

"घागर का ठेवली असेल गं?"

"भाष्यात काय लिहिलंय?"

"घाईत विसरली म्हणे. पण लांबून पाण्याला आलेली बाई घागर विसरेल? मी लहानपणी पाणी वाहिलंय. येशूकडे पाणी काढायला काही नव्हतं, म्हणून ठेवली असेल."

इतकी वर्षं मी ही गोष्ट वाचतेय, पण त्या तहानलेल्या माणसाला शेवटी पाणी मिळालं का, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. आपण वाचतो ते शब्द, आणि मावशींना त्यात घागरीचं वजन कळतं.

"हे खाली लिहा ना."

"चुकलं तर?"

"तर सांगतील ते."

एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं. दोन दिवसांनी भाष्य लिहिणाऱ्यांचं उत्तर आलं, आणि त्यात त्यांनी मावशींनाच विचारलं होतं, "तिनं घागर भरून ठेवली असेल की रिकामी?"

"रिकामी कशी ठेवेल?" मावशी म्हणाल्या, आणि मला काही न विचारता लिहायला लागल्या.