तोरिकाच्या गाडीचा कोरडा सांधा

आपोरोसानं ऑस्ट्रेलियाला जाताना गाडीची किल्ली धाकट्या भावाच्या, विलिकेसाच्या हातात दिली, तेव्हा तोरिका माझ्या दुकानासमोर दालोच्या, म्हणजे मोठ्या अळकुड्यांच्या पोत्यावर बसून संत्रं सोलत होती. सगळं वरचं गाव त्याला निरोप द्यायला फाट्यावर उतरलं होतं. तिचा नवरा आपोरोसा फळतोडणीच्या कामावर निघाला होता. पुढचा पावसाळा लागेपर्यंत काही परतणार नव्हता.

"किल्ली विलिकेसाला का?" तोरिकानं विचारलं. आवाज चढवला नाही, पण बसची वाट बघणाऱ्या सगळ्यांनी माना वळवल्या.

"रस्ता खराब आहे गं."

"म्हणजे मी चालवली तर खराब, आणि हा चालवणार तेव्हा डांबर पडणार?"

लोक हसले. आपोरोसाही हसला, पण किल्ली काही परत मागितली नाही. बस आली, तो गेला.

खरं तर गाडी तिला चांगली येत होती. लग्नाआधी लंबासा शहरात ती बेकरीची व्हॅन चालवायची. तिचा बाप साखर कारखान्यात उसाच्या छोट्या आगगाडीला तेलपाणी करायचा. कामावरून आला की त्याच्या अंगाला जो तेल-ग्रीसचा वास यायचा, तोच आपल्याला बापाचा वास वाटायचा, असं ती सांगते. रुंद खांद्यांची, चर्चमध्ये खालच्या पट्टीत गाणारी, कुणाला न घाबरणारी बाई. माझ्या दुकानात आली की मीच घाबरते, कारण शिळा पाव ती न उचलता ओळखते.

तर विलिकेसा गाडी चालवू लागला. गाडी म्हणजे मागे उघडा हौदा असलेली, वर ताडपत्री आणि दोन्ही बाजूंना बाकं बसवलेली जुनी पिकअप. वरच्या गावातून शाळेची मुलं, दालोची पोती, केतकीच्या चटया, आजारी माणसं, सगळं तीच खाली आणते. मध्ये नदी आहे, पूल नाही. दगडांवरून पाण्यातूनच जायचं, पाऊस झाला की पाणी चाकांच्या वर येतं.

विलिकेसा स्वभावानं चांगला. पण गाडी म्हणजे पेट्रोल आणि गाणी, एवढीच त्याची समजूत. तोरिका मागे पोत्यांवर बसून यायची. थोड्या दिवसांनी तिच्या कानावर एक आवाज येऊ लागला. गाडी सुटली की खालून एकच ठोका, टक्. मग गप्प. चढावर गियर बदलला की पुन्हा टक्.

"विली, खाली काहीतरी वाजतंय."

"स्प्रिंगच्या पाट्या वाजतात, वहिनी. जुनी गाडी आहे."

आणि त्यानं रेडिओ मोठा केला.

ती त्याच्याशी वाद घालत बसली नाही. फाट्यावर उतरली आणि सरळ माझ्या सासऱ्यांकडे आली. गाव त्यांना रामसमुझ काका म्हणतं. त्यांनी सगळी उमर उसाच्या शेतात ट्रॅक्टरवर काढलेली. गुडघे गेलेत, म्हणून दिवसभर दुकानाच्या ओसरीत खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला नावं ठेवतात.

"काका, क्लच सोडला की टक् होतं, आणि मग नाही."

काकांनी डोळे मिटले. "रोज पाण्यातनं जाते ना? मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचे सांधे कोरडे पडलेत. ग्रीस कधी मारलं होतं?"

"आपो असताना मारायचा. हा कशाला मारतोय?"

"ग्रीसगन आहे माझ्याकडे. पण मला गाडीखाली घातलंत तर काढायला बैल लागेल."

"तुम्ही खाली कशाला? तुम्ही खुर्चीत बसून सांगा. खाली मी जाते."

शनिवारी दुपारी आम्ही वर गेलो. मी, शेजाऱ्याच्या घोड्यावर काका, खुर्ची आणि ग्रीसगन. विलिकेसा आदल्या संध्याकाळी यांगोना, ते मुळीचं गुंगीचं पेय, प्यायला बसला होता, तो अजून उठला नव्हता. गाडी तोरिकाच्या दारातच, फणसाच्या झाडाखाली उभी. तिनं चाकांना पुढून-मागून दगड लावले, गियर काढून ठेवला, जुनी चटई अंथरली आणि पाठीवर सरकत आत गेली. बाहेर फक्त पाय.

"शाफ्टचा लांब दांडा दिसतोय? त्याच्या दोन्ही टोकांना सांधा आहे. त्या सांध्यावर ग्रीस भरायची मटाराएवढी घुंडी असेल," काका खुर्चीतून म्हणाले.

"चिखलाचा गोळा दिसतोय."

"तोच. आधी पूस. पुसल्याशिवाय ग्रीस मारलंस तर चिखलच आत जाईल."

तिनं चिंधीनं पुसलं, गन लावली, दांडी दाबली. पुढच्या सांध्यातून आधी तांबूस पाणी आलं, मग काळा लगदा, आणि मग चारी बाजूंनी स्वच्छ पिवळं ग्रीस. ती खालून एकेक सांगत होती आणि काका मान डोलवत होते, जेवणात मीठ बरोबर पडल्यासारखे.

मागच्या सांध्यावर मात्र गन अडली. दांडी दाबली जाईना. काकांनी घुंडी पान्यानं काढायला सांगितली. तिनं ती रॉकेलमध्ये बुडवली, तारेनं साफ केली, परत बसवली. आता ग्रीस गेलं, पण तीनच बाजूंनी बाहेर आलं. चौथ्या बाजूनं गंजाची लाल भुकटी गळली, थेट तिच्या गालावर.

"काका, इथे पूड पडतेय. आणि दांडा हातानं हलतोय, सांध्यातच."

काकांनी नकारार्थी मान हलवली. "मग त्याला ग्रीसचा उपयोग नाही, पोरी. त्याच्या आतल्या सुया गेल्या. हा सांधा बदलायलाच हवा."

तेवढ्यात विलिकेसा डोळे चोळत आला. वहिनीचे पाय बघून जागच्या जागी थांबला.

"वहिनी, गाडीनं तुला गिळलं की काय?"

"अजून नाही. सोमवारी तुलाच गिळायच्या बेतात होती." ती बाहेर आली. गालावर लाल पट्टा, कपाळावर काळा. "ही गाडी आता खाली जाणार नाही. सांधा बदलेपर्यंत."

"सोमवारी सगळ्या गावाचा दालो जायचाय. व्यापारी येणारे. महिनाभर सहज निघेल अजून."

"नदीवरच्या चढावर तुटला तर? शाफ्ट खाली पडला की मागच्या चाकांना इंजिन उरत नाही, गाडी उलटी नदीत घरंगळेल. मागे शाळेची पोरं बसलेली असतील."

"तुटला तर बघू."

तोरिकानं हात पुसले, गाडीत वाकली, किल्ली काढली आणि आपल्या झग्याच्या खिशात टाकली. "तू बघ. मला बघायचं नाहीये."

रविवारी चर्च सुटल्यावर गावच्या मुखियानं तिला गाठलं. दालो काढून ठेवलाय, तो सुकला तर जबाबदार कोण, असं त्याचं म्हणणं. तिनं सांगितलं, "दालो दोन दिवस ओल्या पानांखाली टिकतो. माणूस नदीत पडला तर टिकत नाही. व्यापाऱ्याला मी फोन करते." आणि तिथेच, त्याच्यासमोर केला. व्यापारी बुधवारी यायला तयार झाला. तरी मुखिया आणखी थोडा वेळ बोललाच.

सोमवारी ती बसनं लंबासाला जाऊन नवा सांधा घेऊन आली. मंगळवारी सकाळी ती पुन्हा गाडीखाली, काका पुन्हा खुर्चीत. शाफ्ट सोडवण्याआधी काकांनी खूण करायला लावली. जसा होता तसाच परत बसला पाहिजे, नाहीतर गाडी थरथरते. खूण कशानं करायची? खडू ग्रीसवर टिकेना. शेवटी माझं लाल नेलपॉलिश कामी आलं. मग तिनं तो दांडा खांद्यावर टाकला आणि नदी ओलांडून आमच्या शेडपर्यंत चालत आणला, कारण लोखंड आवळून धरणारा शिकंजा आमच्याकडेच होता.

जुना सांधा ठोकून काढणं सोपं गेलं. नवा बसवणं तेवढं सोपं नव्हतं. त्याच्या चार टोकांवर चार छोट्या वाट्या बसतात, आणि प्रत्येक वाटीत बारीक सुया गोल उभ्या असतात. तिसरी वाटी शेवटी शेवटी अडली. तोरिकानं हातोडा उचलला.

"थांब," काका म्हणाले. "आत सुई आडवी पडली असणार. ठोकलंस तर मोडेल."

तिनं हातोडा खाली ठेवला. एक मोठा श्वास सोडला, वाटी परत काढली. खरंच एक सुई आडवी होती. तिनं ती नखानं उभी केली, ग्रीसनं चिकटवली आणि पुन्हा दाबली. या वेळी वाटी आत गेली. सांधा हातानं चारी दिशांना फिरवून पाहिला, काकांच्या हातात दिला. काकांनीही फिरवला.

"माझ्या ट्रॅक्टरलासुद्धा असा बसला नव्हता," ते म्हणाले. काका स्तुती करतात तेव्हा शेजारी साक्षीदार लागतो, म्हणून सांगते, मी तिथे होते.

संध्याकाळी तिनं दांडा परत वर नेऊन खुणेला खूण जुळवून बसवला. बुधवारी गाडी तोरिकानं चालवली. कुणाला विचारलं नाही. पोती भरली, माणसं चढली, विलिकेसा तिच्या शेजारी बसला. मीही मुद्दाम वर जाऊन मागे बसले होते. नदी आली, पाणी चाकांना घासून गेलं, आणि पलीकडचा चढ लागला. सगळे पुढे वाकले. मुखियासुद्धा खाली मान घालून पायाखालच्या पत्र्याकडे कान देऊन बसला होता. तिनं गियर बदलला. काहीच वाजलं नाही. गाडी सरळ वर चढली.

माथ्यावर विलिकेसानं हळूच विचारलं, "रेडिओ लावू?"

"लाव. आता खाली ऐकण्यासारखं काही नाही."

आपोरोसा पावसाळ्याच्या तोंडाशी परतला. ती त्याला आणायला फाट्यावर आली. बॅगा हौद्यात टाकून तो सवयीनं ड्रायव्हरच्या दाराशी आला. ती आत बसलेलीच होती.

"त्या बाजूनं ये," ती म्हणाली.

तो गेला. दार जरा जोरातच लावून घेतलं. मला वाटलं, घरी गेल्यावर भांडण होणार. नंतर तिनंच सांगितलं. तो उतरला, गाडीखाली वाकून बघितलं, आणि म्हणाला, "सांधा कुणी बदलला?"

"मी."

"विलीनं मदत केली?"

"विलीनं चहा केला."

तो आठवडाभर कुरकुरला. दोनदा स्वतः गाडी घेऊन गेला. पण तिकडे सपाट मळ्यांत राहून त्याला हा रस्ता नकोसा झाला होता, आणि त्याच्या मनात नदीकाठच्या पडीक तुकड्यात दालो लावायचं होतं. तोरिका म्हणाली, "तू पिकव, मी वाहते." तसंच चाललंय. विलिकेसाही त्याच्याबरोबर शेतात असतो, बहुतेक वेळा रेडिओसकट.

दर पंधरवड्याला शनिवारी ती चटई टाकून गाडीखाली जाते. आता काकांची खुर्ची लागत नाही, पण काका जातात. परवा मुखिया तिथून जात होता. त्याच्या पुतण्यानं नुकतीच गाडी घेतली आहे. तो थोडा घुटमळला.

"तोरिका, त्याच्या गाडीतून पण काहीतरी आवाज येतोय. बघशील का जरा?"

"कसा आवाज?" गाडीखालून प्रश्न आला.

"ते काय मला कळत नाही."

"मग त्याला गाडी घेऊन इकडे पाठवा. आणि येताना चटई स्वतःची आणायला सांगा."